मातीला मुक्काम हवा

मातीकाम करणाऱ्या कलावंतांशी बोलताना हल्ली एक शब्द वारंवार कानावर येतो, रेसिडेन्सी. त्याला मराठीत अजून रुळलेला प्रतिशब्द नाही. ‘कलावंतांचा मुक्काम’ म्हटलं तर अर्थ बराचसा पोहोचतो. एखादी संस्था कलावंताला महिना-दोन महिने राहायला खोली देते, कामाला जागा आणि साधनं देते. त्याने तिथे राहावं, आपलं काम करावं, इतरांचं पाहावं, एवढीच अपेक्षा. आमच्या वाणगावसारख्या गावात असा मुक्काम उभा राहायचा असेल तर तो कसा असावा, याविषयी आज थोडं बोलणार आहे.

चित्रकार रंगांची पेटी खांद्याला अडकवून कुठेही जाऊ शकतो. मातीकाम करणाऱ्याचं तसं नसतं. त्याला माती मळायला जागा लागते, चाक लागतं, वस्तू सावलीत हळूहळू सुकवायला फळ्या लागतात आणि शेवटी भट्टी लागते. साधं लाल मातीचं मडकं नऊशे ते हजार अंश सेल्सिअसच्या आसपास भाजतं. लोणच्याच्या बरणीसारखं घट्ट, पाणी न झिरपणारं भांडं हवं असेल, तर उष्णता बाराशेच्या वर न्यावी लागते. एवढी भट्टी मुंबईतल्या दोन खोल्यांत कोण लावणार? लाकडाची तर विचारायलाच नको. शिवाय सगळं नीट करूनही भट्टी उघडल्यावर निम्मा माल तडकलेला निघू शकतो. हे नुकसान पोटाला चिमटा न बसता सोसता यावं, पुन्हा करून पाहता यावं, म्हणून या कलेला मुक्कामाची गरज इतर कलांहून जास्त आहे.

या कल्पनेचं एक जुनं आणि गाजलेलं ठिकाण एका वीटभट्टीत जन्मलं. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात हेलेना नावाचं गाव आहे. तिथे आर्ची ब्रे या वीट कारखानदाराने १९५१ मध्ये आपल्या कारखान्याच्या आवारात कुंभारकामाची जागा सुरू केली. पीटर वूल्कस आणि रूडी ऑटियो हे दोन तरुण तिथले पहिले कलावंत. ते कारखान्यात विटांचं काम करत आणि उरलेल्या वेळात स्वतःचं. पुढे दोघेही अमेरिकेतल्या मृत्तिकाकलेतली मोठी नावं झाली. १९५२ मध्ये इंग्लंडचे बर्नार्ड लीच आणि जपानचे शोजी हमादा तिथे येऊन गेले. १९६० मध्ये विटांचा कारखाना बंद पडला. कलावंतांचा मुक्काम मात्र आजही चालू आहे.

आपल्याकडेही उदाहरणं आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा या गांधीविचारांच्या कार्यकर्त्याने १९५५ मध्ये ग्रामोदय संघ उभा केला. हेतू कलेचा नव्हता, गावातल्या कुंभारांच्या पोटापाण्याचा होता. पण तिथे माती होती, भट्ट्या होत्या आणि मातीची नस जाणणारे हात होते. त्यामुळे शहरांतले कलावंतही तिथे जाऊन काम करू लागले. पाँडिचेरीला डेबोरा स्मिथ आणि रे मीकर यांनी १९७१ मध्ये गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली. तिथे देशभरातले विद्यार्थी शिकले, आणि तिथे कामाला लागलेल्या स्थानिक माणसांपैकी काहींनी पुढे स्वतःचे छोटे कारखानेही काढले. हे दुसरं फळ मला पहिल्याइतकंच मोलाचं वाटतं.

आता वाणगावकडे वळू. पश्चिम रेल्वेवर बोईसर आणि डहाणू रोड यांच्यामधलं आमचं स्टेशन. २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल धावू लागली आणि मुंबईचं अंतर आणखी कमी झालं. एका बाजूला तारापूरचे कारखाने आणि अणुवीज केंद्र, दुसऱ्या बाजूला चिकूच्या आणि मिरचीच्या बागा. शहरातल्या कलावंताला मोकळी जागा, झाडं, शांतता आणि संध्याकाळी परतायला गाडी, असं सगळं इथे मिळतं.

पण इथे मातीकाम आधीपासून आहे, हे पाहुण्यांनी आणि यजमानांनी दोघांनीही लक्षात ठेवायला हवं. दिवाळी उलटली, भात झोडून झालं, की पालघर-ठाण्याच्या पाड्यांवरून कितीतरी कातकरी आणि इतर आदिवासी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात. आधी घेतलेली उचल फेडायची असते. बायका-माणसं पहाटेपासून चिखल करतात, विटा पाडतात. मुलांची शाळा सुटते ती पावसाळ्यापर्यंत. माती किती भिजवायची, तूस किती घालायचा, कोणत्या उन्हात वीट तडकते, हे त्यांना कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. या ज्ञानाला आपण मजुरी म्हणतो. तेच ज्ञान शहरातून पैसे भरून शिकायला आलेल्या माणसाकडे असलं, की त्याला कला म्हणतो.

या भागाला पाहुण्या कलावंताचा एक चांगला अनुभव आहे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी हे चित्रकार वारली पाड्यांवर येऊन राहिले. त्यांनी भिंतीवरची चित्रं पाहिली आणि जिव्या सोमा मशे यांच्यासारख्यांच्या हाती कागद दिला. गंजाडचे मशे १९८९ मध्ये पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात पोहोचले, २०११ मध्ये पद्मश्री झाले. २०१८ मध्ये ते गेले, पण आज डहाणू तालुक्यात अनेक घरं चित्रांवर चालतात. कुलकर्णी आले नसते तर काय झालं असतं, हे सांगता येत नाही. ते आले, राहिले आणि कागद पुढे केला, एवढं मात्र खरं.

म्हणून कुणी इथे मातीचा मुक्काम काढत असेल, तर माझी तीन मागणी आहेत. पहिली, दर मुक्कामात एक-दोन जागा इथल्याच माणसांसाठी असाव्यात, आणि त्यांना त्या दिवसांचा रोज मिळावा. वीटभट्टीवरचा रोज बुडवून कुणी चाकावर बसायला येणार नाही. दुसरी, भट्टीचा विचार नीट व्हावा. डहाणू तालुका १९९१ मध्ये केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. चिकूच्या मोहराच्या दिवसांत शेजारी धुराचा लोट उठला, तर बागायतदार कलेचं कौतुक करणार नाही, आणि त्यात त्याचं काही चुकणारही नाही. गॅसची किंवा विजेची भट्टी, आणि लाकडाची पेटवलीच तर शेजाऱ्यांना सांगून, मोजक्या वेळा. तिसरी, मुक्काम संपताना भट्टी गावासमोर उघडावी. झिलई कशी चढली, काय फुटलं, काय साधलं, हे शाळेतल्या पोरांनी तिथेच उभं राहून पाहावं. मुंबईच्या दालनातलं प्रदर्शन त्यानंतर.

यातलं काहीच फार खर्चाचं नाही. एक जास्तीचं चाक, एक जास्तीची फळी आणि एका माणसाचा महिन्याचा रोज, एवढाच वाढीव हिशेब. कुंपण घालून आत शहर वसवायचं असेल, तर त्यासाठी इथे फार्महाऊस पुष्कळ आहेत. मातीच्या कलावंताने वाणगावला यावं, जरूर यावं. येताना शेजारच्या पाड्यावर विटा पाडणाऱ्या बाईला एकदा विचारावं, की बाई, तुमच्या मातीत वाळू किती घालता? तिचं उत्तर ऐकायला महिनाभराचा मुक्काम असला, तरी तो कमीच पडेल.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)