अपत्यहीनता आणि पुरुषांची तपासणी



जुन्नर असो वा आंबेगाव, विवाहानंतर पाळणा हलला नाही की दोष सुनेच्या माथी येतो. नवस तिने करावयाचे, उपासतापास तिचे आणि तपासणीही तिचीच. वास्तविक अशा सुमारे निम्म्या दांपत्यांत पुरुषाच्या प्रकृतीतील दोषाचाही वाटा असतो.

व्हेरिकोसील हा त्यांपैकी एक प्रमुख विकार होय. वृषणाकडून रक्त परत नेणाऱ्या नीलांतील झडपा दुबळ्या झाल्या की रक्त तुंबते, नीला फुगतात. वृषणातील उष्णता वाढून शुक्राणूंची निर्मिती मंदावू शकते. डावी नीला मूत्रपिंडाच्या नीलेस काटकोनात मिळत असल्याने हा विकार बहुधा डावीकडे आढळतो. शंभरांपैकी सुमारे १५ पुरुषांना तो असतो. त्यांतील अनेकांना अपत्येही होतात. वेदना नसतील व वीर्यतपासणी निर्दोष असेल, तर सहसा उपचारांची आवश्यकता नसते.

डॉक्टर रुग्णास उभे करून तपासतात. जरूर तर सोनोग्राफी करतात. गोळ्या वा लेप यांनी फुगलेल्या नीला पूर्ववत होत नाहीत. उपचार आवश्यक असल्यास त्या सहसा शस्त्रक्रियेने बांधतात. शुक्राणू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. म्हणून गुण दिसण्यास ३ ते ६ महिने धीर धरावा.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढून असे विषय मराठीत निर्भयपणे मांडले. आज जुन्नर व घोडेगाव येथे ग्रामीण रुग्णालये, तर मंचर येथे उपजिल्हा रुग्णालय आहे. शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी गावास एवढेच पटवून द्यावे, की तपासणीस पती-पत्नी दोघांनीही जावे.