कंडरेचा हिशेब

काचेचा पेला धुताना हातात फुटावा आणि तुकडा उजव्या तर्जनीच्या मुळाशी रुतावा, ही घटना कोणत्याही घरातली. जखम लहान दिसते, पण बोट मिटत नाही. कारण आतील कंडरा, म्हणजे प्रबाहूच्या स्नायूंची ओढ बोटापर्यंत नेणारी चिवट दोरी, तुटलेली असते. अमेरिकेत अशी जखम शिवून झाली की ती हिशेबनिसाच्या मेजावर जाते आणि तेथे तिचे पाच आकडे होतात.

वैद्यकीय कामांची ही संकेतावली अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६६ साली प्रथम प्रसिद्ध केली. हाताच्या पाठीवरील प्रसारक कंडरा सांधली तर २६४१०. तळव्याकडील आकुंचक कंडरा सांधली तर २६३५०. मात्र तळव्याच्या वरच्या आडव्या रेषेपासून बोटाच्या मधल्या पेरापर्यंतच्या पट्ट्यात ती तुटली असेल आणि लगेच सांधली, तर २६३५६. आणि त्याचे मोलही अधिक. चार बोटे अंतरासाठी हा निराळा आकडा कशाला? त्या पट्ट्यात दोन कंडरा एकाच अरुंद आवरणातून सरकतात. टाका घातला की त्या भोवताली चिकटतात आणि बोट ताठरते. स्टर्लिंग बनेल या शल्यविशारदाने या पट्ट्याला दोन सैन्यांमधल्या निर्मनुष्य भूमीचे नाव दिले. तेथे लगेच टाका घालू नये, मागाहून दुसरीकडची कंडरा आणून बसवावी, अशी त्याची शिकवण होती. १९६७ साली लुइव्हिलचे हॅरॉल्ड क्लाइनर्ट व त्यांचे सहकारी यांनी तेथेही तात्काळ सांधणी यशस्वी होते असे दाखविले. शिकवण मागे पडली. निर्मनुष्य भूमी मात्र संकेतांकाच्या वर्णनात अद्याप कायम आहे!

आकारणी दर कंडरेमागे असते. एका बोटात दोन कंडरा सांधल्या तर आकडा दोनदा येतो, आणि बोट उजवी तर्जनी असल्याचे दाखविण्यास पुढे 'एफ ६' जोडतात. पण शल्यविशारदाने टिपणात 'बोटातील कंडरा सांधली' एवढेच लिहिले, तर जागा वा संख्या तर्काने भरण्याची मुभा हिशेबनिसास नाही. एका आळशी वाक्यापायी नाजूक काम हलक्या आकड्यात जाते, किंवा देयक विमा कंपनीकडून परत येते आणि घोर रुग्णाच्या घराला लागतो.

मेडिकेअर या सरकारी विम्यात पुढील ९० दिवसांच्या शल्यविशारदाच्या नेहमीच्या भेटी त्याच मोबदल्यात धरलेल्या असतात. हाताला व्यायाम देणाऱ्या उपचारकाचे देयक मात्र वेगळे, पंधरा-पंधरा मिनिटांच्या मापाने. वास्तविक बोटाचे भवितव्य ठरते ते याच आठवड्यांत: सांधलेली कंडरा फार ओढली तर तुटते, हलविली नाही तर चिकटते. कित्येक खासगी विम्यांत या भेटींची वर्षाची संख्या बांधलेली असते. ती संपली की पुढचा व्यायाम पदरच्या पैशाने, नाहीतर घरी एकट्यानेच, दुसऱ्या हाताने बोट हळूहळू मिटवीत.