वाळवंटातली दुपार



कॅथलिक अध्यात्म म्हटलं की भव्य चर्च, मेणबत्त्या, मिरवणुका डोळ्यांपुढे येतात. त्या अध्यात्माची एक जुनी शाळा मात्र चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात, साध्या खोपटांतून भरत होती. आज मला त्या शाळेविषयी बोलायचं आहे.

तिचं पहिलं ठळक नाव संत अँटनी. आईवडील वारलेले, पदरी धाकटी बहीण आणि वडिलोपार्जित जमीन. येशूने श्रीमंत तरुणाला सगळं विकून गरिबांना दे म्हणून सांगितलं, तो उतारा चर्चमध्ये त्याच्या कानी पडला. त्याने बहिणीची सोय लावली आणि घर सोडलं. इ.स. 356 मध्ये तो वारला. अलेक्झांड्रियाच्या अथानासियसने त्याचं चरित्र लिहिलं, आणि 386 साली मिलानमध्ये अँटनीची कथा ऐकून पुढे संत म्हणून ओळखला गेलेला ऑगस्टिन मुळापासून हलला.

आपण वाळवंटातल्या या साधकांच्या उपासतापासांचं कौतुक करतो. मला ते कौतुक अपुरं वाटतं. कडक उपास करणारेही घसरतात, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. म्हणून साधकाला सावरणारा सर्वांत मोठा गुण कोणता, या चर्चेत अँटनीने उपासाला किंवा जागरणाला नव्हे, विवेकाला पहिला मान दिला, असं या वाळवंटात राहून आलेला लेखक जॉन कासियन सांगतो.

हा विवेक रोज कुठे लागतो, ते एवाग्रियस नावाच्या साधूने दाखवलं. कॉन्स्टँटिनोपलसारखी राजधानी सोडून तो नाईलच्या खोऱ्यापलीकडच्या केलिया इथे येऊन राहिला आणि 399 मध्ये तिथेच वारला. मनाला छळणारे आठ विचार त्याने नोंदवले. खादाडपणा, वासना, लोभ, खिन्नता, राग, उबग, लौकिकाची हाव आणि गर्व. पुढे पोप ग्रेगरीने त्यांची फेरमांडणी करून सातांची यादी केली. एवाग्रियसच्या मते या आठांत सर्वांत जड उबग. तो भर दुपारी येतो. सूर्य जागचा हलत नाही, दिवस 50 तासांचा वाटतो. नजर सारखी खिडकीकडे जाते. जेवणाला किती अवकाश आहे? कुणी भेटायला येतंय का? मग वाटू लागतं, इथल्या माणसांत माया उरली नाही, हातातलं काम नकोसं झालंय, आणि देवाची भक्ती काय, कुठेही करता येते! हा शेवटचा विचार मला फार भेदक वाटतो. मोह इथे धर्माची भाषा बोलतो, म्हणून तो ओळखू येत नाही.

यावर उपाय तीन: खोपट सोडायचं नाही, मनात येईल ते वडीलधाऱ्या ‘अब्बां’ना उघड सांगायचं, आणि हात कामात ठेवायचे. अब्बा पॉल लोकवस्तीपासून इतके दूर राहत की विणलेला माल विकायला नेणं परवडत नसे. तरीही ते खजुरीची पानं विणत, आणि वर्षाअखेरी सगळा ढीग जाळून पुन्हा विणायला बसत. पोटासाठी त्या कामाची गरज नव्हती. मनासाठी होती.

ही गोष्ट कासियननेच युरोपात नेली. सुमारे 415 साली त्याने मार्सेय इथे मठ उभारले, आणि सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठवासीयांना त्याचं लेखन संध्याकाळी वाचायला सांगितलं. त्यात एक साधी साधना आहे. देवाला साहाय्यासाठी हाक मारणारी, सत्तराव्या स्तोत्राच्या आरंभीची ओळ दिवसभर मनात घोळवायची. भूक लागली तरी, झोप येईना तरी, राग आला तरी, आणि मन आनंदात असतानाही. नामस्मरण ज्यांच्या घरात आहे त्यांना याचं बळ वेगळं सांगायला नको. प्रहरांच्या प्रार्थनेला आरंभ करताना कॅथलिक धर्मगुरू आणि धर्मभगिनी आजही तीच ओळ म्हणतात, रोममध्ये आणि आपल्या वसईतही.