तडजोडीनंतरची राखण

ठाण्याच्या वर्तकनगरात म्हाडाच्या जुन्या चाळवजा इमारती पाडून टॉवर उभे राहत आहेत. नव्या घरात स्मार्ट टीव्ही येतोच. दुकानदार इंच सांगतो, हप्ता सांगतो. टीव्ही घरी येऊन सुरू झाला, की पडद्यावर अ‍ॅपची रांग आधीच लागलेली असते. त्यातली काही काढायला जावं, तर ती निघतच नाहीत.

ही रांग कोण लावतं? अँड्रॉइड टीव्ही बनवणाऱ्या कंपनीला प्ले स्टोअर हवं असेल, तर गूगलच्या इतर अ‍ॅपचा सगळा गठ्ठाच घ्यावा लागे. दोन वकिलांनी याविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. 2021मध्ये चौकशी लागली आणि 21 एप्रिल 2025 रोजी तडजोड झाली. गूगलने 20 कोटी 24 लाख रुपये भरायचे आणि भारतात विकल्या जाणाऱ्या टीव्हींसाठी प्ले स्टोअर शुल्क घेऊन सुटं द्यायचं. स्पर्धा कायद्यातल्या 2023च्या दुरुस्तीने खुल्या झालेल्या वाटेवरची ही पहिलीच तडजोड.

मला चिंता आहे ती पुढची. तडजोड मोडली तर ती रद्द होते, चौकशी पुन्हा सुरू करता येते आणि आयोगाचा एक कोटीपर्यंतचा कायदेशीर खर्च वसूल करता येतो. पण चौकशी पुन्हा म्हणजे पुन्हा काही वर्षं. तोवर बाजारात टीव्हीच्या किती पिढ्या येऊन जातील!

मुळात तडजोड मोडली हे कळायचं कसं? युरोपात मायक्रोसॉफ्टने 2009मध्ये ग्राहकाला ब्राउझर निवडायचा पडदा दाखवण्याचं बंधन स्वीकारलं. मे 2011 ते जुलै 2012 या काळात दीड कोटी वापरकर्त्यांना तो पडदा दिसलाच नाही. कंपनीने याला तांत्रिक चूक म्हटलं. 2013मध्ये 56 कोटी 10 लाख युरोंचा दंड झाला खरा, पण युरोपीय आयोग इतके महिने कंपनीच्या शब्दावर विसंबून होता.

आपण तसं विसंबू नये. नव्या मॉडेलचे टीव्ही आपल्या स्पर्धा आयोगाच्या स्वतंत्र अभियंत्यांनी बाजारातून विकत घेऊन तपासावेत. सुट्या प्ले स्टोअरचं शुल्कही पाहावं. ते जबर असेल तर गठ्ठाच स्वस्त पडेल, आणि कागदावर मात्र तडजोड पाळलेली दिसेल. टीव्ही बनवणाऱ्या लहान कंपन्यांना नाव गुप्त ठेवून तक्रार करता यायला हवी. ज्यांच्याकडून उद्या पुन्हा परवाना घ्यायचा आहे, त्यांच्याविरुद्ध त्या उघडपणे बोलणार नाहीत.