जीपचा मागचा आस

पावसाळ्यात सिल्लोडच्या काळ्या रानात बैलगाडी कशी चालते, हे तुम्हांला सांगायला नको. चाकोरी धरली की बैलांचा अर्धा जीव वाचतो. जुन्या जीपला मागे रुंद आस बसवू म्हणणाऱ्यांनी आधी ही चाकोरी आठवावी.

महिंद्रांनी १९४७ साली मुंबईत विलिस जीप जोडायला घेतली. तिच्या दोन चाकांतले अंतर सुमारे ४८ इंच. उतारावर ती कलते, तेव्हा रुंदीचा मोह साहजिक आहे. पण पुढचा आस तसाच ठेवलात, तर मागची चाके दाबलेली वाट सोडून कोऱ्या चिखलात शिरतात. दोन चाकोऱ्यांच्या जागी चार पाडायच्या, आणि तेल कोणाचे? आपलेच!

खरी मेख आत आहे. जुन्या सीजे-३बी जीपच्या क्राऊनला ४३ दात, पिनियनला ८. गुरुजींनी फळ्यावर भागाकार मांडावा: चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे सुमारे ५.४ फेरे. मागे निराळ्या दातांचा आस आला, तर चारही चाकांना जोर देताच दोन्ही आस एकमेकांना ओढतात नि काहीतरी मोडते. म्हणून भंगारातला माल उचलण्याआधी दात मोजा. माझ्या मते दोन्ही आस जोडीनेच बदलावेत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलमही मिस्त्रीपुढे वाचून घ्या.

आणखी एक. या जीपचा हातब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसमागे शाफ्टवर असतो. मागच्या आसातली एक दांडी तुटली की तोही गेला. अजिंठ्याच्या घाटात गाडी उभी केलीत, तर चाकाला दगड लावल्याशिवाय खाली उतरू नका.