वेगाची किंमत



2017च्या नोव्हेंबरात स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स कंपनीने ‘स्टेलारिस’ या आपल्या अंतराळ-खेळाबद्दल एक घोषणा केली आणि जगभरच्या खेळाडूंमध्ये सरळ दोन तट पडले. प्रकाशापेक्षा वेगाने प्रवास करण्याच्या तीन तऱ्हा त्या खेळात होत्या. त्यांतल्या दोन काढून टाकायचं कंपनीने ठरवलं होतं. कुणी म्हणालं, आता कुठे खेळ सुधारेल. कुणी म्हणालं, विकत घेतलेली वस्तूच आमच्या हातून काढून घेतली.

साहित्याच्या व्यासपीठावर संगणकावरचा खेळ कशाला, असं इथे काहींच्या मनात येईल. पण त्या वादातला प्रश्न विज्ञानकथा लिहिणाऱ्या प्रत्येकाचा आहे. ताऱ्यांमधलं अंतर ओलांडायची सोय लेखकाने करून दिली की त्याच्या विश्वात नेमकं काय घडतं? कादंबरीत हा प्रश्न एका परिच्छेदात मिटवता येतो. खेळात तो मिटत नाही, कारण तिथे हजारो माणसं त्या नियमाला रोज ताणून पाहत असतात.

आधी अडचण केवढी आहे ते पाहू. प्रकाश सेकंदाला सुमारे 3 लाख किलोमीटर जातो आणि सूर्याचा सर्वांत जवळचा शेजारी, प्रॉक्सिमा सेंटॉरी, 4.2 प्रकाशवर्षं दूर आहे. 1977 साली निघालेलं व्हॉयेजर-1 हे यान सेकंदाला सुमारे 17 किलोमीटर वेगाने चाललंय. त्या वेगाने तेवढं अंतर कापायला 70 हजारांहून जास्त वर्षं लागतील. म्हणजे खऱ्या वेगाने खेळायचं ठरवलं, तर पहिली वसाहत वसण्याआधीच साम्राज्याचा इतिहास संपेल. वाट काढायचे सैद्धांतिक प्रयत्न झाले आहेत. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांना आपल्या कादंबरीसाठी ताऱ्यांपर्यंतचा एक पटण्याजोगा रस्ता हवा होता. त्यांनी भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांना विचारलं आणि त्यातून 1988चा मॉरिस-थॉर्न यांचा कृमिविवरांवरचा, म्हणजे वर्महोलवरचा, शोधनिबंध आला. 1994 साली भौतिकशास्त्रज्ञ मिगेल अल्कुबिएरे यांनी अवकाशच पुढे आकुंचन आणि मागे प्रसरण पावेल अशी वार्पची गणिती मांडणी केली. दोन्हींना ऋण ऊर्जेचं असं द्रव्य लागतं, जे आज कुणाजवळ नाही. खेळ रचणारे ही उणीव मनाने भरून काढतात, आणि तो त्यांचा हक्क आहे.

आता स्टेलारिस. 2016च्या मे महिन्यात आलेल्या या खेळात खेळाडू एका संस्कृतीचा कारभार हाती घेतो. ग्रह वसवतो, शेजाऱ्यांशी तह करतो, नाहीच जमलं तर लढतो. सुरुवातीला प्रत्येक संस्कृतीने प्रवासाची एक तऱ्हा निवडायची असे. वार्पवाल्यांचं आरमार पल्ल्यातल्या कुठल्याही ताऱ्याकडे थेट निघे, पण संथ गतीने. उडीआधी इंजिनाची तयारी, उडीनंतर विसावा. वर्महोलवाल्यांना आधी एक स्थानक बांधावं लागे. मग त्याच्या पल्ल्यात कुठेही उडी घेता येई, मात्र आरमार जितकं मोठं तितका विवर उघडायला वेळ जास्त, आणि शत्रूने ते स्थानक उडवलं की पुढे गेलेली जहाजं अडकून पडत. तिसरे हायपरलेनवाले. ताऱ्याला ताऱ्याशी जोडणाऱ्या ठरलेल्या वाटांवरून ते सर्वांत वेगाने धावत, पण वाट सोडून त्यांना कुठेही जाता येत नसे.

वाचायला हे वैभव वाटतं. खेळताना मात्र युद्ध रंगेना. शत्रू कुठूनही, कुठेही उतरू शकत असेल तर गढी बांधायची कुठे? सरहद्द राखायची म्हणजे नेमकं काय राखायचं? तटबंदीवर केलेला खर्च पाण्यात जाई, म्हणून जो तो सगळी जहाजं एकाच प्रचंड आरमारात कोंबे आणि दोन आरमारांचा पाठशिवणीचा खेळ चाले. त्या वेळी खेळाची सूत्रं मार्टिन आनवार्ड यांच्याकडे होती. तीन तऱ्हा एकत्र नांदवायच्या तर संरक्षणाची कुठलीच व्यवस्था नीट बसत नाही, हे त्यांनी उघडपणे मांडलं. 22 फेब्रुवारी 2018 रोजी 2.0 ही आवृत्ती आली. तिला अमेरिकी विज्ञानकथालेखिका सी. जे. चेरी यांचं नाव दिलं होतं. तेव्हापासून सगळ्यांनी हायपरलेनवरून जायचं, हा नियम झाला.

या नियमाचा एक बारकावा जवळून पाहण्यासारखा आहे. जहाज ताऱ्याच्या प्रदेशात शिरतं ते त्या वाटेच्या तोंडाशी, अगदी काठावर. पुढच्या ताऱ्याकडे जाणाऱ्या वाटेचं तोंड बहुधा पलीकडच्या काठावर असतं. मधलं अंतर साध्या इंजिनाने, सगळ्यांच्या नजरेसमोरून कापावं लागतं. सगळं नाट्य या आडव्या प्रवासात आहे. त्या ताऱ्याजवळ शत्रूची भक्कम चौकी असेल आणि तिच्यावर अवरोधक यंत्र बसवलेलं असेल, तर आलेल्या आरमाराला पुढे सरकता येत नाही. आलं त्याच वाटेने परत फिरता येतं, एवढंच. पुढे जायचं तर चौकी पाडावी लागते. याच आवृत्तीत आकाशाला उंचसखलपणाही आला. पल्सारजवळ जहाजांची संरक्षक कवचं निकामी होतात, न्यूट्रॉन ताऱ्याजवळ जहाजं मंदावतात, तेजोमेघात काय चाललंय ते बाहेरच्याला दिसत नाही.

सह्याद्रीच्या मुलखात वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. नाणेघाट महत्त्वाचा ठरला तो कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल जुन्नरला चढवायची वाट तिथून होती म्हणून. सातवाहनांच्या राणीचा शिलालेख तिथल्याच लेण्यात आहे आणि जीवधन, चावंड, हडसर, शिवनेरी हे किल्लेही त्याच मुलखात उभे राहिले. डोंगर कुठूनही ओलांडता आला असता, तर हे किल्ले उभारायचं कारणच उरलं नसतं. 2018 साली पॅराडॉक्सने आकाशगंगेत घाट निर्माण केले, आणि तो निर्णय योग्य होता.

काही गमावलंही, हे मान्य केलं पाहिजे. गमावलेलं किती मोलाचं होतं, ते व्हँकुव्हरच्या केर्बेरॉस या संस्थेच्या 2006च्या ‘सोर्ड ऑफ द स्टार्स’मध्ये दिसतं. त्यात प्रत्येक वंशाचा प्रवास वेगळा आहे. माणसं निसर्गतः असलेल्या वाटांवरून भरधाव जातात. तार्का कुठेही जातात, बेताच्या वेगाने. जलचर लिर मोकळ्या अवकाशात चपळ, पण ताऱ्याजवळ येताच मंदावणारे. कीटकवंशी हायव्हर तर प्रकाशाचा वेग ओलांडतच नाहीत. त्यांची जहाजं वर्षानुवर्षं रखडत जातात, पोचल्यावर तिथे एक द्वार उभारतात, आणि मग सगळं साम्राज्य त्या द्वारातून क्षणात हजर होतं. हायव्हरांशी लढणाऱ्याला कळतं, की हळूहळू जवळ येणारं एकच जहाज एखाद्या मोठ्या आरमारापेक्षा जास्त भयंकर असू शकतं. प्रवासाच्या एका नियमातून एका वंशाचा स्वभाव घडला. पानंच्या पानं वर्णन लिहूनही हे साधेलच असं नाही.

जुन्या खेळांनीही वेगाला किंमत लावली होती. 1993च्या ‘मास्टर ऑफ ओरायन’मध्ये इंधनाच्या पल्ल्याबाहेर जाता येत नसे, आणि एकदा निघालेलं आरमार माघारी बोलावता येत नसे. त्यासाठी अतिअवकाशातल्या संदेशवहनाचा शोध आधी लावावा लागे. चुकीच्या दिशेने निघालेल्या जहाजांकडे हताशपणे पाहत बसण्याची वर्षं त्यात होती, आणि ती उत्तम वर्षं होती.

इथून एक गोष्ट निघते, जिच्याबद्दल खेळांतही फार बोललं जात नाही. जहाजांच्या वेगावर केवढी बंधनं, पण बातमीवर एकही नाही! स्टेलारिसमध्ये 1 जानेवारी 2200 हा दिवस आकाशगंगेच्या दोन्ही टोकांना एकाच वेळी उजाडतो. सीमेवरचा हल्ला राजधानीला तत्क्षणी कळतो, हुकूम तत्क्षणी पोचतो. आइन्स्टाइनच्या सापेक्षतेत असा सगळीकडे एकच असलेला ‘आत्ता’ नाही, आणि प्रकाशापुढे धावणारा निरोप कारणाच्या आधी कार्य घडवून बसू शकतो. खेळ हा पेच सोडवत नाही, एका सामाईक दिनदर्शिकेखाली झाकून ठेवतो. 1977 साली आलेल्या ‘ट्रॅव्हलर’ या भूमिका-खेळाने उलट मार्ग धरला. तिथे प्रत्येक उडीला साधारण आठवडा लागतो आणि जहाजाहून वेगाने कुठलीच बातमी जात नाही. परिणामी सम्राट दूरच्या सुभेदारांवर विसंबून राहतात, आणि युद्ध पेटल्याचं राजधानीला कळेपर्यंत त्याचा निकाल लागलेला असू शकतो. 2012च्या ऑगस्टमध्ये क्युरिऑसिटी ही गाडी मंगळावर उतरली तेव्हा प्रत्यक्षातही हेच घडलं. उतरायला सात मिनिटं, संदेश यायला जवळजवळ चौदा. वातावरणात शिरल्याची खबर पृथ्वीवर आली तेव्हा गाडी मंगळाच्या जमिनीवर उभी होती.

स्टेलारिसकडून घेण्यासारखी आणखी एक गोष्ट क्रमाची आहे. घाट फोडायची साधनं त्या खेळात आहेत: नैसर्गिक कृमिविवरं, प्राचीन महाद्वारं, थेट उडी मारणारं इंजिन. पण ती उशिरा मिळतात. दरम्यान खेळाडूने चौक्या बांधलेल्या असतात, शेजारी ओळखलेले असतात, एखाद्या वाटेसाठी लढाया केलेल्या असतात. मग एक दिवस शत्रू त्या चौक्यांच्या डोक्यावरून उडी मारून आत येतो. उडीनंतर काही काळ त्याची शस्त्रं आणि वेग दुबळे पडतात, तेवढीच काय ती संधी. हा धक्का बसतो, कारण जे मोडलं ते आधी उभं केलेलं होतं. पहिल्याच पानावर सर्वशक्तिमान यान देणाऱ्या लेखकाला हा धक्का कधीच देता येत नाही.

डॉ. जयंत नारळीकरांसारख्या खगोलशास्त्रज्ञाने मराठीत विज्ञानकथा लिहिल्या आणि 2021च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे आलं. ज्या भाषेत हे घडलं तिच्याकडून अपेक्षा मोठी ठेवायला हरकत नाही. इथे बसलेल्या तरुण लेखकांना आणि मराठीत खेळ रचू पाहणाऱ्यांना म्हणूनच विनंती आहे. पुढची अंतराळकथा लिहायला घ्याल, तेव्हा पात्रांची नावं ठरवण्याआधी एका कागदावर तीन गोष्टी लिहा: यान कुठून कुठे जाऊ शकतं, त्याला किती वेळ लागतो, आणि बातमी त्याच्याआधी पोचते की नाही. मग शेवटच्या पानापर्यंत तो कागद मोडू नका.