घरचें वळण आणि स्वतःचें मत

“खाण तशी माती” ही म्हण ज्या भाषेंत आहे, त्याच भाषेंत “पिंडे पिंडे मतिर्भिन्ना” हें संस्कृत वचनही सर्रास बोललें जातें. मुलगा बापासारखा वागला म्हणजे पहिली म्हण आठवते, विरुद्ध वागला म्हणजे दुसरें वचन आठवतें. दोन्ही खरीं ठरतात, याचा अर्थ एवढाच कीं, दोहोंपैकीं एकानेंही प्रश्न सुटत नाहीं. राजकीय मतांच्या बाबतींत आईबापांचें मुलांत काय उतरतें आणि काय उतरत नाहीं, हा विषय निवडणुकीच्या दिवसांत घरोघरीं निघतो आणि आवाज चढला म्हणजे अर्धवट टाकला जातो. तो शांतपणें पाहण्यासारखा आहे. नागपूर शहर तर या पाहणीस विशेष सोयीचें. कारण गेल्या शंभर वर्षांत देशांतील बहुतेक मोठे राजकीय प्रवाह या शहरांतून वाहिले, आणि त्यांनीं येथील घरांच्या भिंतीही ओल्या केल्या.

१९२० च्या डिसेंबरांत नागपुरास राष्ट्रसभेचें अधिवेशन भरलें. लोकमान्य टिळक त्याच वर्षीं १ ऑगस्टला निवर्तले होते, आणि नागपूर तर टिळकपक्षाचें जुनें ठाणें. अशा शहरांत गांधींचा असहकारितेचा ठराव कायम झाला. सरकारी शाळा, न्यायालयें आणि पदव्या यांचा त्याग करावा, असें आवाहन त्या चळवळीनें केलें. आतां नागपूर हें त्या वेळीं मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी असल्यामुळें येथील पुष्कळ पांढरपेशा घरांची चूल सरकारी पगारावर पेटत असे. वडील कचेरींत आणि मुलगा सभेंत, हें दृश्य त्यामुळें स्वाभाविकच होतें. वडिलांस देशाभिमान नव्हता असें नव्हे. परंतु धाकट्या भावंडांची फी आणि पुढचें पेन्शन हीं दोन्ही मुलाच्या एका घोषणेवर लटकत आहेत, हें मुलापेक्षां त्यांस अधिक स्पष्ट दिसत असे. १९२३ सालीं जमनालाल बजाज आणि मागाहून वल्लभभाई पटेल यांच्या नेतृत्वाखालीं नागपुरास झेंडा सत्याग्रह झाला, आणि राष्ट्रीय निशाण हातीं घेणाऱ्या स्वयंसेवकांची धरपकड सुरू झाली, तेव्हां हाच पेंच कित्येक घरांपुढें पुन्हा उभा राहिला.

दादा धर्माधिकारी यांच्या घराण्याचें उदाहरण या दृष्टीनें फार बोधप्रद आहे. दादांचे वडील इंग्रजी राज्यांत न्यायाधीश होते. १८९९ सालीं जन्मलेल्या दादांनीं १९२० सालीं गांधींच्या हांकेस ओ देऊन महाविद्यालय सोडलें, नागपुरांतील टिळक विद्यालयांत मुलांना शिकविलें, पुढें ते घटना समितीचे सभासद झाले, आणि उर्वरित आयुष्य त्यांनीं सर्वोदयाच्या विचारास वाहिलें. ज्या राज्याच्या न्यायासनावर बाप बसला, त्या राज्याशीं मुलानें असहकार पुकारला. पण गोष्ट येथें संपत नाहीं. दादांचे चिरंजीव चंद्रशेखर हे १९४२ च्या चळवळींत उतरले, नागपुरास वकिली करूं लागले, आणि १९७२ सालीं मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति झाले. गांधीविचाराची कांस मात्र त्यांनीं अखेरपर्यंत सोडली नाहीं. आजोबांचें आसन आणि वडिलांचा विचार हीं दोन्ही नातवाच्या ठिकाणीं एकत्र आलीं. केवळ पहिल्या दोन पिढ्या पाहणाऱ्यास येथें धागा तुटलेला दिसला असता.

तुलना करतांना आणखी एक चूक नेहमीं होते. मुलगा ज्या बापाशीं आपलीं मतें ताडून पाहतो तो पन्नाशीचा बाप असतो. विशींतला बाप त्यानें पाहिलेलाच नसतो. १९४२ सालीं शाळेवर बहिष्कार घालणारा विद्यार्थी १९७४ सालीं चार माणसांच्या संसाराचा धनी झालेला असतो, आणि त्या वर्षींच्या रेल्वे संपांत उतरलेल्या आपल्या मुलास शिस्तीचें महत्त्व समजावून सांगत असतो. त्यानें आपलें मत बदललें हें त्याच्या स्वतःच्याही ध्यानांत नसतें. शहरांचेंही असेंच होतें. १९७७ सालीं उत्तर हिंदुस्थानांत काँग्रेसची धूळधाण झाली असतां नागपूरनें काँग्रेसचाच उमेदवार लोकसभेवर पाठविला. बनवारीलाल पुरोहित हे १९८४ व १९८९ सालीं काँग्रेसतर्फे, आणि १९९६ सालीं भारतीय जनता पक्षातर्फे, याच मतदारसंघांतून निवडून आले. उमेदवार तोच, शहर तेंच, आणि पुष्कळ अंशीं मतदारही तेच. तेव्हां बापाचें मत असें एखादें स्थिर खूण केलेलें ठिकाण नसतें, कीं जेथून मुलगा किती कोस दूर गेला हें मोजावें.

कार्ल मानहाइम या समाजशास्त्रज्ञानें १९२८ सालीं पिढ्यांच्या प्रश्नावर एक निबंध लिहिला. ऐन तारुण्यांत ज्या घटना माणसाच्या प्रत्यक्ष अनुभवास येतात, त्यांचा ठसा त्याच्या पुढील सर्व विचारांवर राहतो, असें त्याचें म्हणणें. बापाचें तारुण्य आणि मुलाचें तारुण्य हीं एकाच घरांत, पण निराळ्या काळांत येतात; म्हणून एकच बातमी दोघांना दोन प्रकारें ऐकूं येते.

त्याच १९२८ सालीं पुण्याच्या गायकवाडवाड्यांत जें घडलें तें या विषयांतील सर्वांत करुण प्रकरण होय. लोकमान्य हे स्वराज्याच्या प्रश्नांत जितके उग्र, तितकेच सामाजिक सुधारणेच्या प्रश्नांत जपून पावलें टाकणारे. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यास त्यांनीं कसून विरोध केला होता. त्यांचे चिरंजीव श्रीधरपंत हे मात्र डॉ. आंबेडकरांच्या समतेच्या कार्याकडे ओढले गेले. लोकमान्य ज्या वाड्यांत राहिले त्याच वाड्यांत त्यांनीं समाज समता संघाची शाखा काढली, आणि सर्व जातींच्या लोकांचें सहभोजन घडवून आणलें. वडिलांच्या अनुयायांशीं चाललेल्या कोर्टकज्जांनीं ते आधींच गांजले होते. त्या वर्षाच्या मे महिन्यांत त्यांनीं ऐन तारुण्यांत आपली जीवनयात्रा संपविली. लोकमान्य हयात असते तर या पितापुत्रांचा वाद कसा रंगला असता, हें कोणीं सांगावें? पण बाप समोर असला म्हणजे त्याच्याशीं वाद घालतां येतो, रुसतां येतें, पुन्हा जेवायला एका पंक्तीस बसतां येतें. बापाच्या नांवाशीं वाद घालणें फार कठीण. कारण तें नांव इतरांच्या हातांत गेलेलें असतें, आणि इतर लोक बापापेक्षां अधिक कडक असतात.

ज्या डॉ. आंबेडकरांकडे श्रीधरपंत ओढले गेले, त्यांचें स्वतःचें घर पाहिलें म्हणजे निराळाच प्रकार दिसतो. त्यांचे वडील रामजी सकपाळ हे सैन्यांत सुभेदार होते आणि पंथानें कबीरपंथी. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरांतील ज्या मैदानास आज दीक्षाभूमि म्हणतात, तेथें डॉ. आंबेडकरांनीं लाखों अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. मुलानें वडिलांचा धर्म सोडला, असें वरवर पाहणारा म्हणेल. परंतु बुद्ध, कबीर आणि जोतीराव फुले हे आपले तीन गुरु, असें जेव्हां ते सांगत, तेव्हां त्यांतील मधलें नांव वडिलांच्या घरांतूनच आलेलें होतें. शिवाय त्या दिवशीं त्या मैदानावर आईबाप आणि मुलें यांनीं एकदमच पाऊल उचललें. पुढें त्या घरांत शिकलेल्या मुलानें निरक्षर वडिलांस ग्रंथ आणि वर्तमानपत्र वाचून दाखवावें, आणि वडिलांनीं त्यावरून आपलें मत बनवावें, हेंही घडूं लागलें. मत नेहमीं वरून खालींच उतरतें ही समजूत त्यामुळें टिकत नाहीं.

येथवर बाप आणि मुलगा यांचीच चर्चा झाली. कारण आईचें राजकीय मत पुष्कळ काळ कोणीं विचारलेंच नाहीं. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळीं देशांत सुमारें २८ लाख स्त्रियांचीं नांवें मतदारयादींतून गळलीं. कां, तर त्यांनीं स्वतःचें नांव न सांगतां अमक्याची आई किंवा तमक्याची पत्नी एवढेंच सांगितलें होतें. त्याच निवडणुकींत नागपूरनें अनसूयाबाई काळे यांस लोकसभेवर पाठविलें, आणि १९५७ सालीं पुन्हा पाठविलें. एकीकडे नांव सांगण्याचा संकोच आणि दुसरीकडे संसदेंतील आसन, इतकें अंतर एकाच काळांत होतें. गुप्त मतदानाचा मोठा लाभ जर कोणास झाला असेल तर तो आईला. घरीं ती वडिलांच्या बोलण्यास मान डोलवी. पडद्यामागें तिनें कोठें शिक्का मारला हें तिचें तिलाच ठाऊक. मुलांनीं वडिलांचें म्हणून जें मत गृहीत धरलें, त्यांत आईचा वाटा किती, याचा हिशेब त्यामुळें कधींच लागला नाहीं.

उलट, मत एकच आणि कारणें दोन, असेंही होतें. विदर्भाचा प्रश्न घ्यावा. राज्य पुनर्रचना आयोगानें १९५५ सालीं स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली होती. तथापि १ नोव्हेंबर १९५६ रोजीं विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यांत, आणि १ मे १९६० रोजीं महाराष्ट्रांत आला. नागपूरचें राजधानीपण गेलें आणि विधिमंडळाचें हिवाळी अधिवेशन तेवढें राहिलें. १९६२ सालीं विदर्भवादी लोकनायक बापूजी अणे अपक्ष उभे राहून येथून लोकसभेवर गेले. ज्यांनीं राजधानीचें वैभव डोळ्यांनीं पाहिलें होतें, त्यांस ती मागणी म्हणजे हरवलेल्या वस्तूचें दुःख वाटे. त्यांच्या नातवांनीं ती राजधानी पाहिलीच नाहीं. त्यांपैकीं जो विदर्भ मागतो तो नोकऱ्यांचा, पाटबंधाऱ्यांचा, शेतकऱ्याच्या कर्जाचा हिशेब मांडून मागतो. आणि जो मागत नाहीं तोही हिशेबच मांडतो. आजोबा आणि नातू एका सभेंत शेजारीं बसले म्हणून ते एका मताचे झाले, असें म्हणतां येत नाहीं.

परदेशांत या विषयाचा पद्धतशीर अभ्यास झालेला आहे. १९६५ सालीं अमेरिकेंत जेनिंग्ज व नीमी या दोन अभ्यासकांनीं शाळेच्या शेवटच्या इयत्तेंतील मुलें आणि त्यांचे आईबाप यांस निरनिराळें गांठून प्रश्न विचारले. पक्षाचें नांव घरांतून मुलांकडे बऱ्यापैकीं जातें. परंतु एकेका प्रश्नावरील मतें त्या मानानें फार थोडीं जातात, असें त्यांस आढळलें. २०१५ सालीं तेथेंच प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासांत त्याहून चमत्कारिक गोष्ट निघाली: अर्ध्याहून अधिक मुलें आईबापांचा पक्ष एकतर चुकीचा समजतात, किंवा बरोबर समजूनही पत्करीत नाहींत. अमेरिकेचे आंकडे नागपूरला जसेच्या तसे लावूं नयेत. पण एका छपराखालीं राहून माणसें एकमेकांचीं मतें गृहीत धरतात, विचारीत नाहींत, हें कोणत्याही घरांतील मनुष्य कबूल करील.

आणि आज हें न विचारणें अधिक महाग पडत आहे. पूर्वीं घरांत एकच वर्तमानपत्र येई. कोणाकडे गोपाळराव ओगल्यांचा ‘महाराष्ट्र’, तर पुढें कोणाकडे माडखोलकरांचा ‘तरुण भारत’. बापलेकांचें भांडण होई तें निदान एका बातमीवर होई. दोघांनींही तोच मजकूर वाचलेला असे. आतां प्रत्येकाच्या हातीं स्वतंत्र मोबाइल आहे, आणि त्यांत ज्याच्या त्याच्या आवडीची बातमी ज्याच्या त्याच्याकडे चालत येते. वाद होतो तेव्हां दोघे दोन निराळ्या जगांतून बोलतात, आणि मग थोड्याच दिवसांत बोलणेंच थांबतें. मतभेदानें घर मोडत नाहीं, अबोल्यानें मोडतें.

शाळेंत पूर्वीं मुलांना कित्ता गिरवायला देत. वर्षभर गिरवूनही कोणाही मुलाचें अक्षर हुबेहूब कित्त्यासारखें होत नसे, आणि शहाणा शिक्षक तशी अपेक्षाही करीत नसे. बोरू कसा धरावा, ओळ सरळ कशी ठेवावी, शाई सांडूं नये, एवढें वळण लागलें म्हणजे कित्त्याचें काम झालें. आईबापांच्या मतांचेंही तसेंच समजावें. मुलानें कोणास मत दिलें हें विचारूं नये. तें त्याचें गुपित आहे. पण त्यास तसें कां वाटतें हें अवश्य विचारावें, आणि तो सांगूं लागला म्हणजे शेवटपर्यंत ऐकावें. मुलानेंही वडिलांस एकदां विचारून पाहावें, कीं तुम्ही वीस वर्षांचे होतां तेव्हां तुम्हांला काय वाटत होतें. या एका प्रश्नाचें उत्तर देतां देतां पुष्कळ वडिलांची संध्याकाळ निघून जाईल, आणि दोघांनाही ती वायां गेलीसें वाटणार नाहीं.